बाजू असू दे, काट्याला पासंग आहे का ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा. एका विद्यार्थिनीला दिवाळी अंकासाठी युगोस्लाव्हियाच्या फुटीवर लेख लिहायचा आहे. वाचताना तिला दोन तऱ्हेचे लेखक भेटले. काही म्हणतात, १९९५ साली बॉस्नियातल्या स्रेब्रेनिका गावात सर्ब फौजेने बॉस्नियाक मुसलमानांचा वंशसंहार केला. दुसरे म्हणतात, आकडा फुगवलेला आहे, ‘नाटो’ला बॉम्ब टाकायला निमित्त हवं होतं म्हणून हे रचलं, मारामारी दोन्हीकडून झाली. या दुसऱ्यांपैकी काही तिला एरवी आवडणारे डावे लेखक आहेत. संपादकांनी सांगितलंय, ‘दोन्ही बाजू द्या, म्हणजे लेख निःपक्षपाती होईल.’ तिला विचारायचंय, पक्षपाती कोण हे पुण्यात बसून ओळखायचं कसं?

ओळखता येतं. मी एका मराठी दैनिकाच्या परदेश-डेस्कवर सत्तावीस वर्षं काढली, तीही पुण्यातच बसून. बॉस्नियाची राजधानी साराजेव्हो मी आजतागायत पाहिलेली नाही. निवृत्तीनंतर डेक्कनवरच्या एका वर्गात मुलांना बातमी तपासायला शिकवतो, तिथे हा प्रश्न दर वर्षी येतो.

आधी एक करा, निःपक्षपाती लेखक शोधणं सोडून द्या. जो पत्रकार वेढ्यातल्या साराजेव्होत महिनोन्महिने राहिला, त्याचा जीव तोफा झेलणाऱ्यांकडे ओढ घेणारच. सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, १९९९ साली ‘नाटो’च्या बॉम्बखाली राहिलेल्या लेखकाचाही घेणार. मंडईत भाजी घेताना गाळेवाल्या मावशींची बाजू कुठली हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण भाजी घ्यायचं थांबत नाही. आपण काटा पाहतो. रिकामा असताना तो मधोमध उभा राहतो की एका बाजूला झुकतो? त्या झुकण्याला जुन्या लोकांत पासंग म्हणायचे. लेखकाला बाजू असू दे, तुम्हाला पासंग शोधायचा आहे.

माझ्याच काट्यापासून सुरुवात करतो. एप्रिल १९९४. रात्रपाळीला एजन्सीची तार आली आणि मी एक-कॉलमी मथळा दिला, ‘रवांडात हुतू-तुत्सींची पुन्हा जुंपली’. जुंपली म्हणजे दोघं सारखे, दोघांच्याही हातात काठ्या. प्रत्यक्षात तिथे हुतू सैनिक आणि टोळ्या याद्या करून, रस्त्यांवर नाके बसवून, ओळखपत्रावरची जमात वाचून तुत्सींना मारत होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने साधारण शंभर दिवसांत आठ लाख. मला कुणी पैसे चारले नव्हते, हुतूंशी माझं काही नातं नव्हतं. आफ्रिकेत हे असंच चालतं हा एक आळशी समज डोक्यात होता, आणि ‘जुंपली’ त्या कॉलममध्ये बसत होतं. पुढे कित्येक दिवस मी तेच क्रियापद फिरवून फिरवून वापरलं.

तेव्हापासून मी कुठलाही लेख हातात आला की आधी क्रियापदं वाचतो. आपली मराठी या कामी फार सोयीची आहे. हिंसाचार उसळतो, दंगल पेटते, तणाव निर्माण होतो, गावं रिकामी होतात, लोक विस्थापित होतात. जणू पाऊस पडला. कर्ता कुठेच नाही. पण हाच लेखक दुसऱ्या बाजूबद्दल लिहितो तेव्हा कर्ता ठसठशीत येतो: ‘अमक्यांनी घरं जाळली’, ‘अमक्यांनी पोरं मारली’. पेन्सिल घ्या आणि एका बाजूच्या मृत्यूंच्या क्रियापदांखाली एक रेघ मारा, दुसऱ्या बाजूच्या मृत्यूंखाली दोन. एकीकडे सगळे ‘मृत्युमुखी पडले’ आणि दुसरीकडे सगळ्यांची ‘कत्तल झाली’, तर पासंग सापडला. ‘कथित’, ‘तथाकथित’ आणि वाक्याच्या शेपटाला लावलेलं ‘म्हणे’ यांवरही खूण करा. बॉस्नियाच्या संदर्भात ‘वांशिक शुद्धीकरण’ हा शब्द तर मी वापरतच नाही. तो हाकलणाऱ्यांच्या तोंडचा शब्द आहे, आणि मराठीत शुद्धीकरण म्हटलं की काहीतरी पवित्र चाललंय असं वाटतं. मी ‘माणसं हाकलून लावली’ असं लिहितो.

आता आकडा. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. किती माणसं गेली हे दोन जुन्या पुणेकरांना विचारा, तीन आकडे मिळतील. ती चर्चा अजून चालू आहे आणि चालू राहावी. पण पूर आलाच नव्हता, काठच्या लोकांनी भरपाईसाठी आपणच घरं पाडली, असं सांगणारा कुणी भेटला तर तो आकड्याची चर्चा करत नसतो.

बॉस्नियात हा फरक नीट पाहायला मिळतो. १९९२ ते ९५च्या सर्ब, क्रोएट आणि बॉस्नियाक यांच्यातल्या युद्धात दोन लाख, अडीच लाख माणसं गेली असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं. मीही छापलं. मग साराजेव्होतल्याच एका संशोधन-केंद्राने, मिर्साद तोकाचा यांच्या पुढाकाराने, एकेक नाव गोळा करून यादी केली. २००७मध्ये ती ९७ हजारांच्या आसपास थांबली. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाच्या लोकसंख्याशास्त्रज्ञांचा अंदाज एक लाख पाच हजारांच्या जवळपासचा. म्हणजे आकडा निम्म्याहून खाली आला, आणि तो खाली आणणारे बळी गेलेल्यांच्याच शहरातले होते. त्यांच्यावर त्यांच्याच शहरातून टीका झाली. ते नाकारणारे ठरतात का? अजिबात नाही. त्यांच्या यादीत सर्ब सैनिकांची नावंही आहेत, सर्ब नागरिकांचीही. आणि त्याच यादीतून हेही दिसलं की ठार झालेल्या नागरिकांत पाचांतले चार बॉस्नियाक मुसलमान होते. एकाच काट्याने सगळं मोजलं की असं होतं. आपल्याला आवडणारा आकडा घटतो आणि सत्य जास्त घट्ट होतं.

नाकारणाऱ्याचा आकडा कसा चालतो ते स्रेब्रेनिकात बघा. संयुक्त राष्ट्रांनी १९९३मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेलं हे गाव. राखायला डच सैनिक होते. ११ जुलै १९९५ला जनरल म्लादिचच्या बॉस्नियन सर्ब फौजेने ते घेतलं आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले. सुरुवातीचा नकार असा होता: आठ हजार मेले तर प्रेतं कुठायत? प्रेतं सापडत नव्हती, कारण त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात बुलडोझर लावून थडगी उकरली होती आणि अवशेष दूरदूरच्या खड्ड्यांत नेऊन टाकले होते. एकाच माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी मिळाली. नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवत जुळवत सात हजारांच्या जवळपास माणसांची ओळख पटली. मग मुद्दा सरकला: ते लढताना मेले. यात एक कण खरा आहे. हजारो पुरुष जंगलातून बॉस्नियाकांच्या ताब्यातल्या तुझ्ला शहराच्या दिशेने निघाले होते, त्यांत काही सशस्त्र होते, काही चकमकीत गेले. पण खड्ड्यांमध्ये डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि मनगटांना बांधलेल्या दोऱ्या निघाल्या. शिवाय गोळ्या घालणाऱ्यांपैकी एक, द्राझेन एर्देमोविच, १९९६मध्येच न्यायालयात कबूल झाला होता की ब्रान्येवोच्या शेतावर बसमधून आणलेल्या माणसांना रांगेत उभं करून मारलं. मग मुद्दा पुन्हा सरकला: बरं, मारलं, पण तो सूड होता.

हे सरकणं ओळखायला शिका. पुरावा येतो तसा मुद्दा बदलतो, निष्कर्ष मात्र जागचा हलत नाही.

तुम्ही डाव्या लेखकांबद्दल विचारलंय, म्हणून एक खटला सविस्तर सांगतो. ऑगस्ट १९९२मध्ये ‘आयटीएन’ या ब्रिटिश वृत्तसंस्थेच्या पथकाने बॉस्नियातल्या प्रिएदोरजवळच्या ओमार्स्का आणि त्रनोपोल्ये या, बॉस्नियन सर्बांनी चालवलेल्या छावण्यांचं चित्रण केलं. काटेरी तारेमागे उभा असलेला, बरगड्या मोजता येतील असा फिक्रेत अलिच जगभर छापला गेला. १९९७मध्ये ‘लिव्हिंग मार्क्सिझम’ या लंडनच्या मासिकाने लेख छापला की हे चित्र जगाला फसवणारं आहे. तार कैद्यांभोवती नव्हतीच, पत्रकारच एका जुन्या कुंपणाच्या आत उभे होते. आयटीएनने बदनामीचा दावा लावला. मार्च २०००मध्ये ज्यूरीने मासिकाच्या विरोधात निकाल दिला, पावणेचार लाख पौंडांची भरपाई बसली आणि मासिक बंद पडलं. छावणीतल्या कैद्यांवर उपचार करणारे डॉक्टर स्वतः साक्षीला आले होते.

या खटल्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग वेगळाच आहे. न्यायाधीशांनी समारोप करताना म्हटलं की आपण जुन्या तारेच्या आत नाही असं समजण्यात पत्रकारांची चूक झाली होती. ‘पण त्याने काही फरक पडतो का?’ असंही त्यांनीच विचारलं. म्हणजे मासिकाच्या हाती एक बारीकसं सत्य होतं. तार कुठल्या खांबाला ठोकली होती याबद्दलचं. त्या खिळ्यावर त्यांनी केवढं मोठं गाठोडं टांगलं पाहा: ती कैद्यांची छावणी नव्हतीच, बरीच माणसं आपखुशीने येऊन राहिली होती. या विषयातलं खोटं बहुतेकदा असंच येतं, एका खऱ्या खिळ्यावर. म्हणून खिळा खरा आहे एवढं तपासून थांबू नका, गाठोडं उघडा.

असं लिहिणारे सगळे सर्ब राष्ट्रवादी होते का? नव्हते. त्यांच्या मनात एक साधं समीकरण होतं: वॉशिंग्टन ज्याला शत्रू म्हणतं तो इतका वाईट नसणार. वॉशिंग्टनबद्दलचा संशय खोटा नव्हता. १९९९मध्ये ‘नाटो’ने सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय ७८ दिवस बॉम्ब टाकले, बेलग्रेडची टीव्ही इमारत उडवली, त्यात १६ कर्मचारी गेले. त्यावर खुशाल कडक लिहा. पण त्या इमारतीतल्या मृतांचा निषेध करायला स्रेब्रेनिकातले मृत कमी करावे लागत नाहीत. आणि लेखक नावाजलेला आहे म्हणून दबू नका. ऑस्ट्रियन लेखक पेटर हांडके यांना २०१९चं साहित्याचं नोबेल मिळालं, २००६मध्ये त्यांनीच सर्बियाचा युद्धकाळातला अध्यक्ष मिलोशेविच याच्या अंत्यविधीत भाषण केलं होतं.

पासंगाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आयटीएनच्या खटल्याच्याच वर्षी, लंडनमध्येच पुढे आलं. ब्रिटिश लेखक डेव्हिड अर्विंगने इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांच्यावर बदनामीचा दावा लावला, कारण त्यांनी त्याला ज्यूंच्या संहाराचा इन्कार करणारा म्हटलं होतं. बचाव पक्षाने इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांना अर्विंगच्या तळटीपा मूळ जर्मन कागदांशी ताडून पाहायला बसवलं. एप्रिल २०००मध्ये अर्विंग हरला. चुका सगळ्याच इतिहासकारांच्या होतात, अर्विंगच्या मात्र सगळ्या एकाच दिशेला कलत होत्या, दर वेळी हिटलरला सोडवणाऱ्या. हाच माणूस ड्रेस्डेनवरच्या बॉम्बहल्ल्यात मेलेल्या जर्मनांचा आकडा सांगताना एका बनावट कागदावर विसंबला होता. मूळ कागदात प्रेतं २०,२०४ होती, कुणीतरी एक शून्य वाढवून २,०२,०४० केली होती. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१०मध्ये जास्तीत जास्त २५ हजार हा आकडा दिला. आपल्या माणसांसाठी एक शून्य जास्त, परक्यांसाठी दोन शून्यं कमी. लेखकाची एक चूक सापडली की उड्या मारू नका. पाच सापडू द्या, आणि मग बघा की त्या विखुरल्यात की सगळ्या एकाच पारड्यात पडल्यात.

‘वंशसंहार’ या शब्दाबद्दल. मराठी वृत्तपत्रं नरसंहार, हत्याकांड, वंशसंहार एकाच डब्यातल्या बरण्यांसारखे वापरतात. कायद्यात तो वेगळा आहे. ९ डिसेंबर १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाला, गट म्हणून, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय गट त्यात नाहीत. त्यामुळे एखादा जाणकार ‘हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, वंशसंहार नव्हे’ म्हणाला तर तो लगेच नाकारणारा ठरत नाही. मारल्याचं तो मान्य करतो ना, ते पाहा. उलटा पासंगही असतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी २००७ला सांगितलं की स्रेब्रेनिकात वंशसंहार झाला. बॉस्नियात इतरत्र प्रचंड हत्या झाल्या, पण तो विशिष्ट हेतू सिद्ध झाला नाही. सर्बिया राष्ट्र म्हणून तो करण्यास जबाबदार नाही, तो रोखला नाही आणि दोषींना शिक्षा केली नाही यासाठी मात्र जबाबदार. वर्गात मी हा सारांश देऊन मथळा करायला सांगतो. अर्धी मुलं ‘सर्बिया निर्दोष’ लिहितात, अर्धी ‘सर्बिया दोषी’. गाझाबाबत २६ जानेवारी २०२४चा त्याच न्यायालयाचा आदेश आला तेव्हा माझ्या फोनवर एका संध्याकाळी दोन फॉरवर्ड आले, एक ‘वंशसंहार सिद्ध’, दुसरा ‘आरोप फेटाळला’. आदेश अंतरिम उपायांचा होता. दोन्ही चुकीचे.

राहिली तुमच्या संपादकांची ‘दोन्ही बाजू’. नाराज होऊ नका, त्यांचं अर्धं बरोबर आहे. क्राविका नावाचं एक गाव आहे, स्रेब्रेनिकापासून जवळच. ७ जानेवारी १९९३ला, ऑर्थोडॉक्स नाताळच्या दिवशी, बॉस्नियाक सैनिकांनी त्या सर्ब गावावर हल्ला केला, माणसं मारली, घरं जाळली. १३ जुलै १९९५ला त्याच क्राविकात शेतमालाच्या एका गोदामात कोंडलेल्या हजाराहून अधिक बॉस्नियाक कैद्यांना सर्ब फौजेने गोळ्या आणि हातबॉम्बने मारलं. एका तऱ्हेच्या लेखात फक्त जानेवारीचं क्राविका भेटेल, दुसऱ्यात फक्त जुलैचं. तुमच्या लेखात क्राविका दोनदा येऊ द्या, दोन्ही वेळा कर्त्यासकट, दोन्ही वेळा संख्येसकट. मग ‘दोन्हीकडून झालं’ हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही, कारण काय कुठे किती झालं ते वाचकाला दिसतं. रवांडातही तसंच. तुत्सींच्या बंडखोर सेनेने हुतू नागरिकांना मारलं, ते लिहायलाच हवं. ‘म्हणजे दोन वंशसंहार झाले’ हे मात्र गाठोडं आहे.

आणि नकाराला बाजू म्हणून जागा देऊ नका, घटना म्हणून द्या. बॉस्नियातल्या सर्ब प्रजासत्ताकाच्या स्वतःच्याच आयोगाने २००४मध्ये हजारोंच्या हत्या मान्य केल्या. २०१८मध्ये तिथल्या विधिमंडळाने तो अहवालच रद्द केला. हे कुणी केलं, कधी, त्यातून कुणाला काय मिळालं, यावर एक परिच्छेद लिहा. संपादकांना दुसरी बाजूही मिळेल आणि वाचकाची फसवणूकही होणार नाही.

शेवटी एक परीक्षा, आणि ती घरची. बॉस्नियावर तटस्थ राहणं पुणेकराला सोपं आहे, तिथे आपलं कुणी नाही. १९७१ घ्या. पूर्व पाकिस्तानातल्या संहाराची बातमी १३ जून १९७१ला लंडनच्या ‘संडे टाइम्स’मधून जगासमोर मांडणारे अँथनी मास्करेनस जन्माने बेळगावचे. त्या अत्याचारांबद्दल शंका नाही. पण बळी किती? बांगलादेश तीस लाख म्हणतो, पाकिस्तानच्या हमुदूर रहमान आयोगाने लष्कराचा २६ हजारांचा आकडा उचलून धरला, आणि अभ्यासकांचे अंदाज या दोन टोकांच्या मधे पसरलेले आहेत. आपण डोळे मिटून तीस लाख छापतो. मीही छापलेत. त्याच काळात बंगाली जमावांनी मारलेल्या उर्दूभाषक बिहारींबद्दल मी किती ओळी छापल्या, हे आठवायला गेलो तर काही आठवत नाही.

त्याहून जवळचं सांगतो. माझं आजोळ उस्मानाबादकडचं, आताचं धाराशिव. रझाकारांच्या धास्तीने आजी दोन लेकरं घेऊन रातोरात बार्शीला आली होती. रझाकारांनी काय काय केलं ते तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माणसांची नावंसुद्धा पाठ आहेत. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर सगळे गावी परतले. ‘आणि खालच्या आळीतली मुसलमानांची घरं?’ असं कुणी विचारलं की ती म्हणायची, ‘ते निघून गेले.’

पंडित सुंदरलाल समितीने १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्या मुलखात फिरून अहवाल दिला. कारवाईदरम्यान आणि नंतर मारल्या गेलेल्या मुसलमानांचा त्यांचा सावध अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. हिंदूंनी शेजारच्या मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदीही त्यातच आहेत. तो वंशसंहार होता असं मी म्हणत नाही, रझाकारांचा जाचही खोटा ठरत नाही. अहवाल कित्येक दशकं सरकारने प्रसिद्धच केला नाही. माझ्या हाती तो आला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. परदेश-डेस्कवर इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांत कर्ता शोधत होतो आणि आजीच्या त्या तीन शब्दांखाली एकदाही रेघ मारली नव्हती. कुठे गेले, ते तिला विचारायचं राहिलं. ती तोवर गेली होती.